शेवटच्याने दिवा मालवावा : संगणकातल्या संदर्भ-मोजणीची गोष्ट

शाळेच्या संगणक-कक्षातला हा नेहमीचा प्रसंग. एक विद्यार्थी पेनड्राइव्हवरची फाइल उघडून वाचत बसला आहे. तास संपल्याची घंटा होते. शेजारचा मुलगा घाईघाईने आपला पेनड्राइव्ह उपटतो आणि पळतो. पडद्यावर तक्रारीची एक चौकट उमटते, फाइल पुढे वाचता येत नाही, पण संगणक चालू राहतो. दुसऱ्या दिवशी तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावला की तो ओळखलाही जातो.

या प्रसंगात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. पण जरा आत डोकावून पाहू. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत त्याच्या नावाने एक नोंद तयार करते. पेनड्राइव्ह केवढा आहे, कोणत्या जागी लावला आहे, त्याच्याकडे कोणती कामे सोपवली आहेत, हे सगळे त्या नोंदीत असते. ही नोंद मेमरीत कुठे आहे तो पत्ता अनेकांजवळ असतो. त्या साधनाशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्यांपैकी एक. फाइलींची व्यवस्था पाहणारा भाग दुसरा. फाइल उघडून बसलेला विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तिसरा. अर्धवट राहिलेली एखादी वाचनाची विनंती चौथी.

आता पेनड्राइव्ह उपटला गेला. नोंद कधी पुसायची? लगेच पुसली, तर बाकीच्यांजवळचा पत्ता खोटा ठरतो. मोकळी झालेली जागा संगणक तशीच ठेवत नाही, ती दुसऱ्या कामाला देतो. मग जुना पत्ता घेऊन येणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच कोणाच्या सामानाची उलथापालथ करतो. नोंद कधीच पुसली नाही, तर प्रत्येक वेळी थोडी थोडी मेमरी अडकून पडते आणि महिनोन्‌महिने चालणारा संगणक शेवटी गुदमरतो.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर १९६० साली छापून आले. ते आजही वापरात आहे. त्यातले गणित पहिलीतल्या मुलालाही यावे इतके साधे आहे : एक मिळवा, एक वजा करा. तरीही साठ-पासष्ट वर्षांनंतर जगातले निष्णात प्रोग्रॅमर त्याच मोजणीतल्या चुका दुरुस्त करत असतात. असे का व्हावे? या लेखात आपण त्या उत्तराचा आणि त्या चुकांचा इतिहास पाहू.

दारावरचा फळा

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एक छोटा फळा लावला आहे अशी कल्पना करू. आत जाणाऱ्याने फळ्यावरच्या आकड्यात एक मिळवायचा. बाहेर येणाऱ्याने एक वजा करायचा. ज्याच्या वजाबाकीने शून्य येईल, त्याने दिवे-पंखे बंद करून कुलूप लावायचे. पहारेकरी नको, हजेरीपट नको. आत कोण आहेत हे कोणालाच माहीत नसले तरी चालते, किती आहेत एवढे कळले की पुरे.

यालाच संदर्भ-मोजणी म्हणतात. संगणकातली नोंद म्हणजे ती प्रयोगशाळा. नोंदीचा पत्ता जवळ बाळगणारा प्रत्येक जण म्हणजे आत गेलेली एक व्यक्ती. नोंदीलाच एक आकडा चिकटवलेला असतो, आणि तो शून्यावर आला की नोंद पुसली जाते.

चुका दोनच प्रकारच्या होऊ शकतात. एखादा बाहेर पडताना वजा करायला विसरला, तर आकडा कधीच शून्यावर येणार नाही. रिकाम्या खोलीत दिवे जळत राहतील. याला गळती म्हणतात. उलट, एखाद्याने दोनदा वजा केले, किंवा आत जाताना मिळवलेच नाही, तर आत माणूस असतानाच आकडा शून्य होईल. कुलूप लागेल, खोली दुसऱ्या वर्गाला दिली जाईल, आणि आतला माणूस आपलीच खोली समजून त्यांच्या उपकरणांना हात घालील. पहिली चूक खर्चाची आहे, दुसरी घातक आहे. हा फरक लक्षात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

१९६० : दोन उत्तरे

१९६० च्या सुमारास आय.बी.एम. ७०४ हा मोठा संगणक मानला जाई. त्याची मेमरी जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची असे. शब्द म्हणजे येथे ३६ बिटांचा एक गट. एवढ्या जागेत बीजगणिताची पदे, भूमितीची प्रमेये अशा गोष्टी याद्यांच्या रूपात मांडण्याचे प्रयत्न चालू होते. जागा वाचवण्यासाठी एकाच यादीचा तुकडा दोन-तीन मोठ्या याद्यांमध्ये सामाईक ठेवावा लागे. मग एक यादी पुसताना अडचण येई. हा तुकडा आणखी कोणी वापरत आहे का?

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत लिस्प ही भाषा घडवणाऱ्या जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली एक उत्तर दिले. मोजायचेच नाही. जागा संपेपर्यंत चालू द्यायचे. संपली की काम थांबवून, उपयोगात असल्याची खात्री असलेल्या ठिकाणांपासून निघायचे, तिथून जिथे जिथे पोहोचता येते त्या सगळ्यांवर खूण करायची, आणि खूण नसलेले सारे मोकळे करायचे. ही झाडलोटीची पद्धत.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉर्ज कॉलिन्स यांचा लेख आला. ते आय.बी.एम.मध्ये होते. त्यांनी प्रत्येक सामाईक तुकड्यासोबत त्याचे किती वाटेकरी आहेत तो आकडा ठेवायला सुचवले. आकडा शून्य झाला की तुकडा तत्क्षणी मोकळा. झाडलोटीसाठी काम थांबवायला नको. दारावरचा फळा तो हाच.

तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी एका छोट्या पत्रात या पद्धतीची एक उणीव दाखवली. ‘अ’ ने ‘ब’ ला धरले आहे आणि ‘ब’ ने ‘अ’ ला. बाहेरच्या सर्वांनी दोघांनाही सोडून दिले, तरी दोघांचाही आकडा एकच राहतो, शून्य होत नाही. ‘तू आधी नीघ’ असे एकमेकांना म्हणत दोघे जण प्रयोगशाळेत बसून राहावेत, तसे. यावर मोजणीच्या पद्धतीतच उपाय नाही. कोण कोणाला धरील याची रचनाच अशी करावी लागते की वर्तुळ तयार होऊ नये.

युनिक्सच्या दोन मोजण्या

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही पद्धत कशी आली हे पाहण्यासाठी युनिक्सकडे वळू. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत ती घडवली. युनिक्समध्ये डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची एक नोंद असते, तिला आय-नोड म्हणतात. फाइलचे नाव या नोंदीत नसते, ते निर्देशिकेत असते. एकाच फाइलला दोन-तीन नावेही असू शकतात. म्हणून आय-नोडमध्ये ‘किती नावे’ हा आकडा ठेवलेला असतो. शिवाय फाइल उघडली की आय-नोडची एक प्रत मेमरीत येते, आणि त्या प्रतीला ‘आता किती जण वापरत आहेत’ हा दुसरा आकडा असतो.

दोन आकडे का? कारण प्रश्न दोन आहेत. नावांचा आकडा शून्य झाला, पण कोणी तरी फाइल उघडून वाचत आहे, तर फाइल जात नाही. वाचणाऱ्याने ती बंद केली की मगच तिची जागा मोकळी होते. लिनक्स वापरणारे विद्यार्थी हे आजही पाहू शकतात. उघडलेली मोठी फाइल पुसली तरी डिस्कवरची मोकळी जागा वाढत नाही. फाइल उघडणारा प्रोग्रॅम बंद केला की ती वाढते.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत या दोन्ही आकड्यांना मेमरीत प्रत्येकी एकच बाइट जागा दिली होती. त्या आवृत्तीत एका वेळी मेमरीत जास्तीत जास्त १०० आय-नोड मावत. संगणक लहान, वापरणारे थोडे, आणि त्या संगणकाचा प्रोसेसरही एकच. एका वेळी एकच जण फळ्याजवळ येणार, तेव्हा धक्काबुक्कीचा प्रश्न नव्हता.

स्क्रूने बसवलेली डिस्क, हाताने उपटलेली डिस्क

पुढची वीस-पंचवीस वर्षे साठवणीच्या साधनांबाबत ड्रायव्हर लिहिणारे निर्धास्त होते. डिस्क स्क्रूने आवळून बसवलेली असे. संगणक सुरू होताना ती सापडे आणि बंद होईपर्यंत तिथेच असे. तिची नोंद कधी पुसायची हा प्रश्न फारसा येतच नसे.

तीन गोष्टींनी हे चित्र बदलले. पहिली, एकाच संगणकात अनेक प्रोसेसर आले. लिनक्समध्ये ही सोय १९९६ च्या २.० आवृत्तीपासून आहे. दोघे जण एकाच क्षणी फळ्याशी आले, दोघांनी ‘३’ वाचला, दोघांनीही ‘४’ लिहिला, तर एक माणूस मोजणीतून सुटला. म्हणून वाचणे, मिळवणे आणि लिहिणे ही तीन कामे मध्ये कोणालाही शिरू न देता एकाच झटक्यात करणाऱ्या खास सूचना प्रोसेसरमध्ये असतात, त्या वापराव्या लागल्या.

दुसरी, ड्रायव्हरच चालू संगणकात घालता-काढता येऊ लागले. कोणी वापरत असताना ड्रायव्हर काढला जाऊ नये म्हणून त्याचीही मोजणी ठेवत. पण जुन्या पद्धतीत ही बेरीज ड्रायव्हर स्वतःच करी. म्हणजे फळा दाराच्या आत लावला होता! उंबरठा ओलांडून फळ्यापर्यंत जाण्याच्या क्षणात दुसऱ्या कोणी ‘शून्य आहे’ असे पाहून खोलीच पाडायला घेतली, तर? २००२ मध्ये रस्टी रसेल यांनी लिनक्समधली ही व्यवस्था नव्याने लिहिली. त्यानंतर बेरीज आत जाण्याआधी, बोलावणाऱ्याने बाहेरूनच करायची असा नियम झाला, आणि ड्रायव्हर निघण्याच्या बेतात असेल तर ‘नाही’ असे उत्तर मिळण्याचीही सोय झाली.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. साधनेच उपटता येऊ लागली. यू.एस.बी.चे पहिले मानक १९९६ साली आले आणि पेनड्राइव्ह २००० साली बाजारात आले. आता डिस्क कोणत्याही क्षणी, कोणालाही न विचारता नाहीशी होऊ शकत होती.

येथे एक भेद विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगायला हवा. साधन वेगळे, साधनाची नोंद वेगळी. पेनड्राइव्ह उपटला की साधन गेले, त्यावर कोणाचाच इलाज नाही. पण नोंद मेमरीत आहे आणि ती तिथेच राहिली पाहिजे. तिच्यावर ‘साधन गेले’ असा शिक्का मारला जातो. मग जो कोणी जुना पत्ता घेऊन येईल, त्याला ‘वाचता येत नाही’ असे सभ्य उत्तर मिळते. शेवटच्याने पत्ता सोडला की नोंद जाते. सुरुवातीच्या प्रसंगात संगणक चालू राहिला तो यामुळे. (पेनड्राइव्ह काढण्याआधी संगणकाला सांगावे, हा नियम मात्र खराच आहे. डिस्कवर लिहायचे राहिलेले शब्द मोजणी वाचवू शकत नाही.)

तीन नियम

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत सर्व साधनांच्या नोंदी एका साखळीत बांधल्या गेल्या. पेनड्राइव्हची डिस्क, तिच्यामागे यू.एस.बी.चे साधन, त्याच्यामागे ते जिथे लावले ती जागा. प्रत्येक धाकटी नोंद आपल्या थोरलीला धरून ठेवते, म्हणजे धाकटी असेपर्यंत थोरली जात नाही.

तोवर प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या पद्धतीने मोजणी करी आणि आपापल्या पद्धतीने चुकत असे. २००४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘केरेफ’ नावाची छोटीशी तयार सामग्री कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आणली. तिच्यात एक आकडा आणि तीन कामे होती : आकडा एकवर ठेवून सुरुवात करणे, एक मिळवणे, एक वजा करणे. वजा करताना शून्य आले तर कोणते काम करायचे तेही सांगून ठेवायचे. सोबतच्या माहितीपत्रकात तीन नियम दिले गेले. ते आपल्या शब्दांत असे सांगता येतील.

पहिला नियम : नोंदीचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा असेल तर देण्याआधी एक मिळवा. देणाऱ्याने मिळवायचा, घेणाऱ्याने नव्हे. घेणारा मिळवेपर्यंत देणारा वजा करून निघून गेला तर मध्येच शून्य होईल.

दुसरा नियम : आपले काम झाले की एक वजा करा, आणि त्यानंतर त्या पत्त्याकडे ढुंकूनही पाहू नका.

तिसरा नियम : आपल्या हातात आधीपासून मोजणीतली नोंद नसेल आणि ती यादीतून शोधून घ्यायची असेल, तर शोधणे आणि एक मिळवणे यांच्या मध्ये कोणाची शेवटची वजाबाकी होणार नाही असा बंदोबस्त करा.

तिसरा नियम सर्वांत अवघड. लिनक्समधल्या ‘एस.डी.’ या डिस्क-ड्रायव्हरमध्ये तो नेमका लागू पडला. हा ड्रायव्हर हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह दोन्ही सांभाळतो. एक प्रोग्रॅम डिस्क उघडायला येतो. तो यादीतून डिस्कची नोंद शोधतो आणि एक मिळवायला जातो. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर शेवटच्याने वजा करून आकडा शून्यावर आणला आहे आणि नोंद पुसणे चालू आहे. पहिला प्रोग्रॅम शून्याचा एक करतो आणि समजतो, मला नोंद मिळाली. मिळालेले असते ते पाडकाम चालू असलेले घर. शून्य झालेला आकडा पुन्हा एक करता येत नाही, करू देता कामा नये. यावर उपाय म्हणून २.६ मालिकेत या ड्रायव्हरला एक कुलूप जोडले गेले. शोधून मिळवणे आणि वजा करून पुसणे, दोन्ही त्या कुलपाच्या आतच. म्हणजे एक चालू असताना दुसरे थांबते.

परतीच्या वाटेवरची चूक

इतके स्पष्ट नियम असताना चुका का होतात? बहुतेक चुका सरळ वाटेवर नसतातच. त्या परतीच्या वाटेवर असतात.

डिस्क जोडताना ड्रायव्हर काय करतो ते पाहू. पहिली पायरी : ज्या नियंत्रकाला डिस्क जोडली आहे त्याची नोंद धरायची, म्हणजे एक मिळवायचा. दुसरी : कामापुरती मेमरी मागायची. तिसरी : डिस्कला तिची ओळख विचारायची. समजा तिसऱ्या पायरीवर उत्तरच आले नाही. प्रोग्रॅमर लिहितो, ‘चूक झाली, परत जा.’ पहिल्या पायरीवर मिळवलेला एक तसाच राहतो. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला त्याची डिस्क चांगली होती, तिसरी पायरी त्याच्याकडे कधी अडलीच नाही. चूक दिसते ती दूर कुठे तरी सैल वायर असलेल्या संगणकावर, आणि तीही लगेच नाही. प्रत्येक प्रयत्नाला एक आकडा गळत जातो.

दुरुस्तीची रीत साधी आहे. जिन्याने जितके चढलो तितकेच उलट क्रमाने उतरायचे. तिसऱ्या पायरीवर अडलो तर आधी मेमरी परत, मग नियंत्रकाची नोंद परत. म्हणूनच कर्नलमध्ये पुष्कळ ठिकाणी कामाच्या शेवटी उतरणीच्या पायऱ्या ओळीने लिहिलेल्या दिसतात, आणि जिथे अडले तिथून योग्य पायरीवर उडी मारलेली असते.

पण ही दुरुस्ती डोळे मिटून करता येत नाही. बोलावणारा प्रोग्रॅमही ‘काम फसले, मी वजा करतो’ असे धरून चालला असेल, तर आपण वजा केल्याने दोनदा वजाबाकी होईल. साधी गळती बुजवायला गेलो आणि घातक चूक करून बसलो! म्हणून वजाबाकीची ओळ घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हा एक कोणाचा होता, आणि तो परत करण्याची जबाबदारी कोणावर आहे?

याचे उत्तर नेहमी मनाजोगे नसते. लिनक्समध्ये नव्या साधनाची नोंद सूचीत चढवण्याचे एक काम आहे. ते फसले तर नोंदीची मेमरी आपल्या हाताने मोकळी करू नका, एक वजा करा, असे त्याच्या माहितीत बजावले आहे. तरी अनेक ड्रायव्हरांत ते चुकले. काम फसले म्हणजे मोजणी सुरूच झाली नसेल, असे लिहिणाऱ्याला वाटले. दुसरे उदाहरण वीज वाचवण्यासाठी साधनाला झोपवण्याच्या मोजणीचे. साधनाला जागे करणारे एक काम ‘जागे करता आले नाही’ असे सांगते, तरीही आकड्यात एक मिळवून ठेवते! ज्यांनी ‘फसले म्हणजे मिळवले नसणार’ असे गृहीत धरले, त्यांची साधने त्यानंतर कधीच झोपू शकली नाहीत. अशा चुका इतक्या सापडल्या की २०२० साली ‘फसले तर मिळवलेले परत घेऊन मगच सांगणारे’ नवे काम कर्नलमध्ये घालण्यात आले. लिहिणाऱ्यांना दोष देण्यापेक्षा नियमच माणसाच्या अपेक्षेप्रमाणे करणे शहाणपणाचे ठरले.

आकडा ओसंडला तर

गळती ही केवळ खर्चाची चूक, असे आपण वर म्हटले. जानेवारी २०१६ मध्ये त्याला मोठा अपवाद समोर आला. ती चूक डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये नव्हती, लिनक्समध्ये गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात होती. पण तिचा धडा सर्वांना लागू पडला.

एखाद्या प्रोग्रॅमने आपला किल्ल्यांचा जुडगा बदलायला सांगितला, आणि नवा जुडगा म्हणजे जुनाच निघाला, तर ‘काही करायचे नाही’ म्हणून काम परत फिरे. परतताना आधी मिळवलेला एक वजा करायचे राहून जाई. पुन्हा तीच परतीची वाट. आकडा ३२ बिटांचा होता. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वेळा मिळवले की तो फिरून शून्यावर येतो, दोनच घरे असलेल्या फळ्यावर ९९ नंतर ०० यावे तसा. ही चूक उघड करणाऱ्या संशोधकांनी हे मुद्दाम घडवून दाखवले. त्यांना सुमारे अर्धा तास लागला. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगावा. सेकंदाला सुमारे २४ लाख बेरजा होतात. आकडा शून्य झाला की नोंद पुसली जाते, तिची जागा हल्लेखोर आपल्या सामानाने भरतो, आणि संगणकाचा सर्वाधिकार मिळवू शकतो. गळती अशी घातक झाली. दुरुस्ती एका ओळीची होती : एक वजा करा.

एप्रिल २०१७ च्या ४.११ आवृत्तीत लिनक्सने यावर कायमचा उपाय आणला. मोजणीसाठी एक वेगळा प्रकारचा आकडा तयार झाला. त्याची सुरुवातीची बांधणी पीटर झाइल्स्ट्रा यांनी केली. जुने साधे आकडे जागोजागी बदलून हा नवा घालण्याच्या किचकट कामात एलेना रेशेतोवा यांचा मोठा वाटा होता. हा आकडा कमाल मर्यादेला पोहोचला की तिथेच थिजतो, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. शून्यावर असताना कोणी मिळवायला गेले तर तो इशारा देतो. थिजलेली नोंद कधीच पुसली जाणार नाही, म्हणजे थोडी मेमरी कायमची अडकली. पण घर पाडताना आत माणूस सापडण्यापेक्षा रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिलेला बरा. दोन चुकांपैकी कमी घातक कोणती हे ठरवून घेतलेला हा निर्णय आहे.

चूक शोधायची कशी

या चुकांची खरी अडचण अशी की चूक जिथे होते तिथे दिसत नाही. फळ्यावर ‘१’ उरला आहे एवढेच कळते. तो कोणाचा, ते फळा सांगत नाही. नावे न लिहिणे हीच या पद्धतीची सोय होती, आणि तीच तपास करताना आड येते.

म्हणून तपासापुरती नावे लिहिण्याची साधने निघाली. २०१५ च्या ४.० आवृत्तीत ‘के-असान’ आले. मोकळी झालेली जागा ते काही काळ वेगळी काढून ठेवते आणि तिला कोणी हात लावला तर तिथल्या तिथे पकडते. २०२२ च्या ५.१७ आवृत्तीत मिळवणाऱ्या प्रत्येकाला जणू एक बिल्ला देणारी सोय आली. शेवटी कोणता बिल्ला परत आला नाही ते पाहिले की विसराळू सापडतो. ‘कॉक्सिनेल’ हे साधन प्रोग्रॅम न चालवताच त्याचा मजकूर वाचून ‘येथे मिळवले, पण या परतीच्या वाटेवर वजा केलेले नाही’ अशा जागा शोधून देते.

आणखी एक दिशा म्हणजे वजाबाकी माणसाच्या लक्षात राहण्यावर न सोडणे. २०२३ च्या ६.५ आवृत्तीपासून लिनक्समध्ये असे लिहिता येते की हे नाव ज्या कंसात वापरले आहे, तो कंस कोणत्याही वाटेने सोडला तरी वजाबाकी आपोआप होईल. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट या भाषेला लिनक्समध्ये प्रवेश मिळाला. तिच्यात मिळवणे-वजा करणे भाषाच सांभाळते. वजा केल्यानंतर जुना पत्ता वापरू पाहणारा प्रोग्रॅम तयारच होऊ दिला जात नाही. तरी ‘अ’ ने ‘ब’ ला आणि ‘ब’ ने ‘अ’ ला धरले, तर रस्टमध्येही गळती होते. मॅकबेथ यांचे १९६३ चे पत्र आजही तितकेच खरे आहे.

वर्गात करून पाहा

हा सारा इतिहास वर्गात खेळून दाखवता येतो. एक खुर्ची म्हणजे नोंद. फळ्यावर ‘०’ लिहावा. पाच-सहा विद्यार्थ्यांना खुर्चीला बांधलेल्या दोऱ्या धरायला सांगाव्यात. दोरी धरताना मिळवायचे, सोडताना वजा करायचे, शून्य आणणाऱ्याने खुर्ची बाहेर न्यायची. आधी खेळ नीट होऊ द्यावा. मग एका विद्यार्थ्याला कानात सांगावे, ‘तू वजा करू नकोस’. दुसऱ्या वेळी एकाला सांगावे, ‘तू दोनदा वजा कर’. मग दोघांनी एकाच क्षणी फळ्याकडे धावावे. शेवटी एकाने दोरी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि वर्गाला विचारावे : मिळवायचे कोणी, देणाऱ्याने की घेणाऱ्याने?

बाकीच्यांनी फक्त फळ्यावरच्या आकड्याकडे पाहून चूक कोणाची ते ओळखायचे. ते ओळखू शकणार नाहीत, आणि खेळाचा मुद्दा तोच आहे. साठ वर्षांत बेरीज-वजाबाकी कधी चुकली नाही. चुकत आले ते ‘हा एक कोणाचा’ याबद्दलचे एकमेकांमधले ठरवणे. ते ठरवणे लिहून ठेवले, सर्वांना कळेल असे सोपे केले, आणि शक्य तिथे यंत्रावर सोपवले, तेव्हा चुका कमी झाल्या. खेळ झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की आपल्या प्रयोगशाळेचा दिवा शेवटी कोण मालवतो, आणि ते कोणी ठरवले आहे.